मागचं उजवं

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
पुढची दोन्ही झाली, मागचं डावं अर्धं. महेशचा फोन आला. कुवेतला शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमचा वारही शुक्रवार. फोन बादलीला टेकवून ठेवतो, म्हणजे त्याला चाक दिसतं आणि माझे हात. तोंड दिसत नाही, ते बरंच.
"बाबा, आतल्या बाजूनं ब्रश फिरवा. नाही, उलटा धरा." धरला.
चाकं साधी नव्हेत, अलॉयची. वरून चांदीसारखी, आत काळा रंग, आणि बारीक काड्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की बोट जात नाही. ज्यानं हे डिझाईन काढलं त्याला एकदा पुसायला बसवला पाहिजे. महेशनं इथं ठेवलेली गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते, म्हणून गुरुवारी सरळगाव नाक्यापर्यंत नेऊन आणतो. तेवढ्यात ब्रेकची काळी पूड जाळीत जाऊन बसते. की शुक्रवारी परत पाणी, शाम्पू, ब्रश.
फोन ठेवल्यावर आठवलं, भात कापून झालं हे सांगायचं राहिलं.

२७ ऑक्टो.
शेजारच्या बेबीवहिनी, चुलतभावाच्या घरच्या, काकड्या घेऊन आल्या. महेश काय म्हणतो विचारलं. म्हटलं, ठीक आहे.
"यवढा वेळ बोलत व्हतात परवा, नि नुसता ठीक?"
काय सांगणार. त्याची नोकरी कशी चाललीय ते मला माहीत नाही. कोणत्या ब्रशनं काय घासायचं ते माहीत आहे.

३१ ऑक्टो., शुक्र.
आज माझा जुना दातांचा ब्रश काढला, नटांच्या खोबणीसाठी. म. हसला. म्हणाला, तुम्ही आता गिऱ्हाईकं घ्यायला लागा. मीही हसलो. बरं वाटलं, दिवसभर.
कुसुम, महेशची आई, होती तेव्हा फोन तिचा. ओसरीवर पाय पसरून बसायची आणि सगळं विचारायची. काय जेवलास, सूनबाईचा, रूपालीचा खोकला गेला का, खाली राहणारी ती केरळची बाई बरी आहे का. मी जाता-येता मागून "बरा आहेस ना" म्हणायचो, तो "हो बाबा" म्हणायचा. झालं आमचं बोलणं. गेल्या वर्षी वैशाखात ती गेली. त्यानंतरचे पहिले काही शुक्रवार आठवले की अजून कसंतरी होतं. हॅलो. हॅलो. बरं आहे. हो, बरं आहे. मग दोघेही गप्प, पंख्याचा आवाज तेवढा. मीच म्हणायचो, ठेवू मग.
एकदा त्यानं विचारलं, बाबा, गाडीची चाकं धुता का कधी? तिथून हे सुरू झालं. तेव्हापासून फोन लांबला.

७ नोव्हेंबर, शुक्र.
म.नं आज मागचं उजवं, मा.उ., नीट बघितलं. "त्या कोपऱ्यात तपकिरी काय आहे?" मी घासलं. जाईना. भाजल्यासारखा डाग, काडी जिथं आत वळते तिथं. शाम्पूनं नाही, ब्रशनं नाही.
"राहू द्या बाबा, ते नाही जायचं."
राहू द्या म्हणाला खरा. पण माझ्या डोक्यात बसलं ते. आता मी धुतो आणि डाग राहतो, म्हणजे काय.

९ नोव्हें., रवि.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.
सकाळी न्हाणीघरातली बाटली घेतली, संडास धुवायची. लादीवरचा पिवळा थर जातो तिनं, तर हा डाग का नाही जाणार, एवढाच विचार. मा.उ.ला ओतली. फेस आला. डाग गेला. मी खूश. ब्रश फिरवला, सगळ्या काड्यांना सारखं लावलं, वर थोडा वेळ राहूही दिलं.
पाणी मारलं तर चांदी गेलेली. पांढरट. दुधावर साय धरते तसं सगळ्या चाकावर. पुसलं. परत पुसलं. बनियननं, फडक्यानं, शेवटी हातानं. काही नाही.
तिथंच बसून राहिलो. बेबीवहिनींनी कुंपणावरून विचारलं, चक्कर आली का. नाही म्हटलं.

११ नोव्हें.
खोबरेल तेल लावलं. ओलं असताना अगदी पूर्वीसारखं दिसतं. दुपारपर्यंत धूळ चिकटून काळं झालं. धुतलं की परत साय.

१४ नोव्हें., शुक्र.
तीन चाकं दाखवली. चौथ्याला म्हटलं, त्या बाजूला उजेड नाही, मोबाईल धरता येत नाही. म. "बरं" म्हणाला.
त्याच्याशी मी याआधी कधी खोटं बोललो नव्हतो. तेवढं बोलणंच कधी झालं नव्हतं.

१७ नोव्हें., सोम.
गाडी घेऊन शहापूरला. इतक्या लांब पहिल्यांदाच एकट्यानं चालवली. किन्हवलीच्या पुढं एका डंपरनं घाम फोडला. हायवेजवळ एक गाड्या धुणारा आहे, त्याला चाक दाखवलं. तो उकिडवा बसला, नखानं खरवडून बघितलं.
"ॲसिडनं खाल्लाय वरचा कोट. आता कितीपन पुसा, जानार नाय. कोनी केला ह्यो उद्योग?"
म्हटलं, एक माणूस ठेवला होता धुवायला.
"त्याला काढून टाका."
हो म्हटलं. परत येताना रस्ताभर तेच कानात. कल्याणला एक जण चाक मशीनवर लावून नवीन कोट देतो म्हणे, पण एकच केलं तर बाकीच्या तिघांशी जुळणार नाही, वेगळं दिसेल. म्हणजे आता दिसतंय तेही वेगळं, केलं तरी वेगळंच.

२१ नोव्हें., शुक्र.
म.नं आपणहून मा.उ. विचारलं. म्हटलं, गाडी भिंतीला लागून उभी केलीय, तिकडून जागा नाही. गाडी चांगली अंगणात मध्यभागी उभी, मागे तुळस दिसत असणार त्याला. मग म्हणाला, रूपाली हाक मारतेय, ठेवतो.
लवकर ठेवला.

२८ नोव्हें.
फोन नाही. "कामावर आहे" असा मेसेज. शुक्रवारी कसलं काम.
चाकं धुतली तरी. चारही. बादलीला काही टेकवलेलं नव्हतं, तर हात भराभर चालले आणि मजा नाही.
सांगून टाकायला हवं होतं त्याच दिवशी. महेश, माझ्या हातून चाक खराब झालं. एवढंच वाक्य. कंपनीत होतो तेव्हा माल कमी भरला तर मी साहेबाच्या टेबलापुढं उभा राहून सांगत असे, लाज नाही वाटायची. पोटच्या पोराला सांगताना जीभ वळत नाही.

५ डिसेंबर, शुक्र.
फोन आला. म. जानेवारीत येतोय. रूपालीला रजा नाही, एकटाच, आठवडाभर. म्हशाच्या जत्रेला असेन म्हणाला. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जायचा, बैल बघायला.
आनंद झाला. पाठोपाठ मा.उ. आठवलं. चाकांचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. मग बोलायला दुसरं काही नव्हतं.

१२ डिसें.
वाल पेरलेत मागच्या वावरात, चांगले उगवलेत. फोनवर सांगितलं. "अरे वा" म्हणाला. पुढं काय बोलायचं असतं वालाबद्दल?

१९ डिसें.
वहिनींना सगळं सांगितलं. चाक दाखवलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा करत बघितलं. "नि यासाठी जेवान जाय नाय तुमाला? चाक हाय ते, भाऊजी. गोल हाय, फिरता हाय." त्यांचं बरोबर आहे. पण त्यांचा मुलगा शेजारच्या खोलीत झोपतो.

२ जानेवारी, शुक्र.
आला. कल्याणहून जीपनं, पाठीवर एक बॅग. केस पांढरे झालेत त्याचे कानाजवळ, फोनवर कधी दिसले नव्हते. आधी आईच्या फोटोपुढं उभा राहिला. मग चहा. मग अंगणात गेला.
मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. गाडीभोवती सावकाश फिरला, मा.उ.पाशी बसला. अंगठा फिरवला त्या सायीवरून. एकदा, दोनदा. मी कपबश्या विसळत होतो, त्याच परत परत.
आत आला. "अजून अर्धा कप मिळेल?"
बस, एवढंच. रागावला असता तर सुटलो असतो.

४ जाने., रवि.
म्हशाला गेलो. गाडी त्यानं चालवली. फुफाटा एवढा की पुढची गाडी दिसेना, चाकांचं काय झालं असेल ते दोघांच्याही मनात आलं असणार. बैलांच्या बाजारात उभे राहिलो. एका खिल्लारीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, मालक लगेच किंमत सांगायला लागला. म. मालकाशी सहज बोलत होता, कुठून आणले, दात किती. माझ्याशी असं बोलला असता तर मीही उत्तरं दिली असती.
मला एक घोंगडी घेतली. नको म्हणत होतो. घेतली.

६ जाने., मंगळ.
हे नीट लिहून ठेवायचं आहे.
सकाळी उठलो तर म. अंगणात, बादली भरून चाकं धुवायला बसलेला. जत्रेची धूळ. मी दुसरा ब्रश घेतला. तो नेमका मा.उ.ला होता. मी समोर बसलो. एकाच चाकाला दोघं, तो वरच्या काड्या, मी खालच्या. सिद्धगडाकडे धुकं होतं, पाणी गार होतं, हात लाल झाले.
शेवटी मीच बोललो. "हे माझ्या हातून झालं. संडासच्या बाटलीनं."
"माहितीय."
"कधीपासून?"
"तुम्ही उजेड नाही म्हणालात तेव्हापासून. सकाळचे दहा वाजले होते, बाबा."
ब्रश चालूच होता त्याचा. वर न बघता म्हणाला,
"मला चाकांचं काही पडलेलं नव्हतं."
"मग?"
"मग काय. चाकं नसती तर तुम्ही लगेच ठेवला असता फोन."
म्हणजे मला जसं ते चाकांचं निमित्त झालं, तसं त्यालाही. दोघंही एकाच चाकाला दोन बाजूंनी धरून, आणि मला वाटायचं पोराला गाडीची हौस. तपकिरी डागाबद्दल "राहू द्या" म्हणाला तेव्हा खरंच राहू द्या असंच म्हणायचं होतं त्याला.
त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं. वेळ होती, तो समोर होता, मध्ये फोन नव्हता. मी काय म्हटलं? म्हटलं, "त्या नटाच्या खोबणीत राहिलंय बघ." त्यानं ती खोबण साफ केली.
मग दुसरं सांगितलं त्यानं. रूपालीला तिथं नोकरी लागलीय, चांगली. एक-दोन वर्षांत परत यायचं ठरलं होतं ते आता नाही. गाडी विकायची. पडून खराब होते, तुम्हाला त्रास. मला त्रास नाही, हे मी म्हटलं का? नाही.

९ जाने., शुक्र.
वाशिंदचा एक माणूस गाडी बघून गेला. कारखान्यात कामाला आहे, नवीन इमारतीत घर घेतलंय, बायको-मुलीला घेऊन आला होता. इंजिन ऐकलं, दारं उघडून मिटून बघितली. मा.उ.पाशी थांबला. "हे असं कसं?" मी तोंड दुसरीकडे केलं. म. म्हणाला, "धुताना झालंय. बाबा दर आठवड्याला धुतात." त्यात खोटं काही नव्हतं, आणि माझी लाजही नव्हती त्याच्या आवाजात. माणूस म्हणाला, एवढी निगा असेल तर काही हरकत नाही.
मुलगी मागच्या सीटवर बसून बघत होती. आवडली तिला.
उद्या नेणार.

१० जाने.
नेली. फाटकातून बाहेर पडताना चारही चाकं स्वच्छ होती. म. म्हणाला, चला, शुक्रवारची तुमची कटकट संपली. मी मान डोलावली. कटकट नव्हती रे. हे वाक्य तोंडाशी आलं होतं अगदी.
संध्याकाळी त्यानं आईचं कपाट उघडलं, एक साडी रूपालीसाठी घेऊ का विचारलं. घे म्हटलं. कोणती घेतली ते बघितलं नाही.

११ जाने., रवि.
गेला. मुरबाड स्टँडपर्यंत सोडायला गेलो, कल्याणची जीप भरायला वेळ लागला, तेवढा वेळ शेजारी उभे होतो. तो म्हणाला, तब्येत सांभाळा. मी म्हणालो, पोचलास की कळव. एवढ्यासाठी तेवढा वेळ मिळाला होता.
जीप हलल्यावर त्यानं काचेतून हात केला. ड्रायव्हरच्या शेजारी चेंगरून बसला होता, हात पुरता वरही येत नव्हता.
घरी येताना बस मिळाली. अंगणात आलो तर अंगण फार मोठं वाटलं.

१६ जाने., शुक्र.
फोन आला. ओसरीवर बसून घेतला, फोन हातात, माझं तोंड त्याला दिसत होतं आणि मलाच ते कोपऱ्यातल्या चौकोनात दिसत होतं. म्हातारा दिसतो.
"काय चाललंय?"
"काही नाही. तुझं?"
"काही नाही."
परत ते कुसुमनंतरचे शुक्रवार. त्यानं वालांचं विचारलं. शेंगा धरल्यात म्हटलं. मग मी म्हटलं, ठेवू मग. म्हणून झाल्यावर जीभ चावली. पण म्हणून झालं होतं. तो "हां, ठीक आहे" म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते बघायच्या आत स्क्रीन काळी.

२३ जाने., शुक्र.
फोन नाही. मेसेजही नाही.
सकाळी सवयीनं बादली भरली. मग ते पाणी तुळशीला घातलं, उरलेलं वालांना.

२५ जाने., रवि.
वहिनी आल्या होत्या. म. चा फोन नाही म्हटलं तर म्हणाल्या, "मंग तुमी लावा की. ताईच लावायची ना नेमी? आता ती नाय. तुमालाच लावाया होवा."
खरं आहे. मी महेशला आजवर एकदाही स्वतःहून फोन लावलेला नाही. आधी कुसुम लावायची, नंतर तो लावायचा. माझ्याकडे नंबर आहे, बटण कुठलं दाबायचं ते कळतं. लावून म्हणायचं काय, ते नाही कळत. काहीतरी कारण लागतं ना. कोणी आजारी, कोणाचं लग्न, शेताचा वाद. असाच लावला तर तो घाबरेल.
वहिनी जाताना म्हणाल्या, "घाबरला त घाबरला. मंग त्याला सांगा, घाबरू नको."

३० जाने., शुक्र.
लावला.
जेवण उरकून ओसरीवर बसलो. नाव काढलं, दाबायच्या आधी एकदा घरात जाऊन पाणी पिऊन आलो. मग दाबलं. लगेच उचलला.
"बाबा? काय झालं?" घाबरलाच होता. मागून रूपालीचा आवाज, काय झालं, काय झालं.
"काही झालं नाही. असाच लावला."
"असाच?"
"असाच."
मी फोन ठेवू म्हटलं नाही. दात आवळून बसलो होतो म्हटलं तरी चालेल. मग त्यानं विचारलं, जेवलात का. हो म्हटलं. काय होतं? भात, सुकटीचं कालवण, वालाच्या शेंगा.
"कोण करतं?"
"कोण करणार. मीच."
"बेबीकाकू डबा देतात ना?"
"पहिला महिना दिला. मग मी नको म्हटलं. मीच करतो."
"तुम्हाला येतं?"
"दीड वर्ष होऊन गेलं, महेश. येतं आता."
एवढे शुक्रवार बोललो आम्ही, आणि बाप रोज काय खातो, कोण रांधतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याचा दोष नाही. आठवडाभर इथं होता तेव्हा मी वहिनींना सांगून त्यांच्याकडून डबा आणवला होता, नीट जेवावा म्हणून. त्याला वाटलं रोजचंच.
त्याचा आवाज जरा बदलला. म्हणाला, पहिल्यांदा काय केलं होतंत? पिठलं, म्हटलं. गाठी झाल्या, तसंच खाल्लं. तो हसला, पण ते हसू पुरतं हसू नव्हतं. रूपाली पुढं आली, तिनं नमस्कार केला, बाजूला झाली.
मग त्यानं विचारलं, "सुकटीच्या कालवणात आई काय घालायची हो? आमच्याकडं ती चव येतच नाही."
मला माहीत होतं. तिचं बघून नाही, तिच्यानंतर चुकत चुकत सापडलं होतं. सांगायला लागलो, आधी सुकट कोरडी भाजून घ्यायची, मग चिंच नाही, कैरीची वाळवलेली फोड, आणि तेव्हाच नेट गेलं. चेहरा थिजला त्याचा, तोंड अर्धं उघडं. मग तेही गेलं.
मोबाईल घेऊन अंगणात गेलो, गाडी उभी असायची तिथं रेंज बरी असते. काही नाही. परत लावू की तो लावेल? दोघांनी एकदम लावला तर दोघांनाही बिझी लागेल.
इथंच दगडावर बसून हे लिहितोय. अजून वाजलेला नाही.